गोळीचा अंगरखा

शाळेत एनसीसीत असताना आम्हाला वर्षातून एकदा फायरिंगला नेत. पहाटे ट्रकमध्ये बसायचं, गावाबाहेरच्या रेंजवर उतरायचं, पालथं पडून .२२ रायफलनं पाच गोळ्या झाडायच्या आणि घरी येऊन महिनाभर त्याबद्दल बोलायचं. मला नेम आठवत नाही. पुंगळ्या आठवतात. गोळी सुटली की मागे जी पितळी नळकांडी उरते, ती पुंगळी. करंगळीच्या नखापेक्षा थोडी लांब. हवालदार त्या मोजून घेत. एक जरी कमी पडली, तरी सगळी तुकडी गवतात हात घालून शोधत बसे. भंगारात टाकण्यालायक वस्तूचा इतका हिशेब का, हे तेव्हा कळत नव्हतं.

त्याचं एक उत्तर बऱ्याच वर्षांनी एका वेगळ्याच गोष्टीत सापडलं. १९४०च्या दशकात अमेरिकेत काही माणसं शूटिंग रेंजवर वाकून अगदी याच पुंगळ्या वेचत होती. घरी नेऊन ती त्या साफ करत, हातानं ओढायच्या प्रेसमध्ये दाबून त्यांची कड सरळ करत आणि आत शिसं भरून त्यांच्यापासून नव्या गोळ्या बनवत. जुन्या गोळीची पुंगळी नव्या गोळीचं जॅकेट व्हायची. आज जगभर नाव असलेल्या काही कंपन्या अशा घरगुती उद्योगातून उभ्या राहिल्या आहेत.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री इंजिनियरिंगची आहे. त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो असा, की गोळीला जॅकेट लागतंच कशाला? शिसं आहे, नळी आहे, दारू आहे. मध्ये हा अंगरखा कुठून आला? त्याचा माग काढायला बसलो आणि पोचलो कोलकात्याजवळच्या दमदमला. तेही एकदा नाही, दोनदा.

शिशाची अडचण

गोळीसाठी शिसं निवडलं गेलं याला कारणं आहेत. ते जड असतं. पाण्याच्या अकरा पट घनतेचं, म्हणून हवेत वेग टिकवून ठेवतं. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या चुलीवर पातेल्यात त्याचं पाणी होतं. तांब्याला त्यासाठी १०८५ अंश लागतात. शिवाय ते मऊ असतं, साच्यात ओतलं की साच्याचा आकार घेतं. शेकडो वर्षं सैनिक आणि शिकारी शेकोटीवर स्वतःच्या गोळ्या ओतत आले ते यामुळेच.

पण हा मऊपणाच पुढे नडला. रायफलच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. गोळी त्यात घट्ट बसून फिरत बाहेर पडली, तर भोवऱ्यासारखी स्थिर राहते. मऊ शिसं जोरानं या खाचांतून गेलं की भिंतीवर घासतं, थोडं तिथेच चिकटतं. पुढची गोळी त्या लेपावरून घसरते, आणखी शिसं चिकटतं. काही वेळानं खाचा बुजतात आणि नेम जातो. दुसरी अडचण मागच्या बाजूची. स्फोटाचा तापलेला वायू गोळीच्या बुडाशी कुठे फट सापडली तर तिच्यातून निसटतो आणि निसटताना शिसं कापत जातो.

म्हणजे शिसं आणि पोलाद यांचा थेट संबंध येऊ द्यायचा नाही. मध्ये काहीतरी थर हवा. गोळीच्या तंत्रज्ञानाचा बराचसा इतिहास म्हणजे या एका पातळ थराचा इतिहास आहे.

सुरुवातीचा थर कापडाचा होता. तेलात भिजवलेली चिंधी गोल गोळीभोवती गुंडाळून नळीत ठासायची. इंग्रजीत तिला ‘पॅच’ म्हणत. आमच्या धंद्यात रोज वापरला जाणारा हा शब्द गोळीच्या बाबतीत अक्षरशः ठिगळ होता. कापडानंतर कागद आला, आणि कागदासोबत वंगण.

दमदम, १८५७

एनफिल्ड रायफलच्या काडतुसाची गोष्ट आपण शाळेत शिकलो आहोत. गाईची आणि डुकराची चरबी, दातानं तोडायची काडतुसं, मग उठाव. पण ती चरबी तिथे होती कशासाठी, हे पाठ्यपुस्तकानं मला सांगितलं नव्हतं.

एनफिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची नळी. एका भागात दारू, दुसऱ्या भागात गोळी. गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून वंगण. शिपायानं टोक दातानं तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग उलटं करून गोळी तिच्या कागदासकट आत ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असे, म्हणून सहज आत जाई. बार उडाला की स्फोटाच्या दाबानं तिचं बूड फुगे आणि खाचांना धरे. कागद शिशाला पोलादापासून दूर ठेवी. वंगण काळ्या दारूची काजळी मऊ ठेवी, म्हणजे पुढची गोळी अडत नसे. इंजिनियरच्या नजरेनं पाहिलं तर हे सुंदर काम आहे. कागद आणि चरबी, दोन्ही स्वस्त, दोन्ही उपयोगी.

जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या छावणीत, जिथे या नव्या रायफलीचं शिक्षण चाललं होतं, तिथल्या एका खलाशानं एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं जातीचं कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी त्याला म्हणाला की थांब, गाईडुकराची चरबी लावलेली काडतुसं चावायला लागलास की तुझी जात कुठे राहणार आहे ते बघू. हा प्रसंग इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालात नोंदला गेला. ज्या थराकडे रायफल बनवणारे केवळ वंगण म्हणून बघत होते, त्या थरात काय आहे हा प्रश्न एका खलाशानं विचारला होता.

पुढे काय झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. सरकारनं त्याच महिन्यात मुभा दिली की काडतुसं वंगणाशिवाय मिळतील, शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. म्हणजे घरगुती वंगण. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न सुटला होता. पण तोवर विश्वास उडाला होता. संशय वंगणावरून कागदावर सरकला. हा कागद चकाकतो कसा, यातच काही मिसळलं नसेल कशावरून? २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, १० मेला मेरठ. उठावाची कारणं अर्थात एका काडतुसापुरती नव्हती, जमीन, पगार, खालसा झालेली राज्यं हे सगळं त्यामागे होतं. ठिणगी मात्र त्या थरात पडली.

तांब्याचा सदरा

कागद गुंडाळलेल्या गोळ्या पुढेही टिकल्या. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी .४५ इंचाची, सुमारे ३१ ग्रॅमची, कागदात गुंडाळलेली असे. वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. काळ्या दारूत याहून फार पुढे जाता येत नव्हतं.

१८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून इथल्या सरकारी दारूगोळा प्रयोगशाळेत मेजर एदुआर्द रुबिन यांनी शिशाच्या गोळीवर तांब्याचं आवरण चढवलं. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. या दोन गोष्टी एकमेकींसाठीच झाल्यासारख्या होत्या. नव्या दारूनं गोळीचा वेग कितीतरी वाढला. त्या वेगात उघडं शिसं नळीत टिकलंच नसतं, खाचांवरून सोललं गेलं असतं. तांबं शिशाहून कठीण असल्यानं खाचा नीट धरतं आणि पोलादाहून मऊ असल्यानं नळी खराब करत नाही. १८८६ मध्ये फ्रान्सची लेबेल रायफल आली आणि काही वर्षांत युरोपातल्या सगळ्या सैन्यांनी बारीक, वेगवान, जॅकेट घातलेल्या गोळ्या स्वीकारल्या. ब्रिटिशांची .३०३ ची ली-मेटफर्ड १८८८ची. तिची गोळी १४ ग्रॅमची, जॅकेट तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं.

हे जॅकेट गोळीला टोकापासून सगळीकडून झाकत होतं, म्हणून त्याचा एक परिणाम झाला ज्यासाठी ते बनवलंच नव्हतं. जुनी मऊ गोळी शरीरात शिरली की चपटी व्हायची, मोठी जखम करायची. नवी गोळी आकार न बदलता आरपार जाऊ लागली. माणूस जखमी होई, पण अनेकदा वाचे. युरोपातले काही शल्यविशारद या गोळीला माणुसकीची गोळी म्हणू लागले.

वायव्य सरहद्दीवरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना हीच तक्रार वाटली.

दमदम, पुन्हा

१८९५च्या चित्रळ मोहिमेनंतर अहवाल येऊ लागले की गोळी लागूनही पठाण थांबत नाहीत, धावत येतात. आजच्या भाषेत, तिकीट उघडलं गेलं. ते आलं दमदमच्या कारखान्यात, कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्याकडे. त्यांनी काढलेला उपाय साधा होता. जॅकेट टोकावर थोडं आखूड करायचं आणि आतलं शिसं जेमतेम मिलिमीटरभर उघडं ठेवायचं. नळीत जॅकेट आपलं काम करतं. शरीरात मात्र उघडं टोक दबतं, जॅकेट मागे उलगडतं आणि गोळी भूछत्रासारखी पसरते. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत आफ्रिदींविरुद्ध ती वापरली गेली. जगातल्या अनेक भाषांत ‘दमदम’ हा शब्द पसरणाऱ्या गोळीचं नाव म्हणून शिरला. कोलकात्याच्या विमानतळाला जुने लोक अजूनही दमदम म्हणतात, ते हेच गाव.

या कल्पनेला कारखाना लागतच नव्हता. १८९८ मध्ये सुदानच्या मोहिमेत जनरल गॅटेकर यांच्या ब्रिगेडमधल्या सैनिकांना साध्या गोळ्यांची टोकं कानशीनं घासायला बसवलं होतं. वाळवंटात, तंबूबाहेर, हातात कानस घेऊन जॅकेटचं टोक झिजवणारे सैनिक हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. थर बनवायला रुबिनसारखा तंत्रज्ञ आणि प्रयोगशाळा लागली. काढायला कानस पुरली.

युरोपात आरडाओरडा झाला. ट्युबिंगेनचे शल्यविशारद पाउल फोन ब्रुन्स यांनी अर्ध्या जॅकेटच्या गोळ्यांचे प्रयोग करून भयंकर जखमांचं वर्णन छापलं. ब्रिटिशांचं म्हणणं असं, की त्यांनी शिकारीच्या गोळ्या वापरल्या, ज्यांचं शिसं दमदमपेक्षा कितीतरी जास्त उघडं होतं. ही हरकत बरोबरही होती. पण वाद गोळीच्या टोकावरून कधीच पुढे सरकला होता.

१८९९ मध्ये हेग परिषदेत ठराव आला. माणसाच्या शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी, आणि उदाहरण म्हणून ज्यांचं कठीण आवरण गाभा पूर्ण झाकत नाही किंवा ज्याला चिरा पाडल्या आहेत अशा गोळ्या. कायद्याच्या मसुद्यात जॅकेटची मापं आली होती. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा, की सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो लढाईतून बाजूला होतो, रानटी माणूस मात्र कितीही गोळ्या लागल्या तरी चालून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते. अमेरिकेनंही विरोधात मत दिलं. बाकीच्यांच्या बहुमतानं २९ जुलै १८९९ रोजी घोषणापत्र झालं.

त्यात एक कलम होतं. ही बंदी फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धाला लागू राहील. सभागृहात कोणी आफ्रिदी नव्हता, कोणी सुदानी नव्हता. ज्यांच्यावर ती गोळी झाडली गेली होती, त्यांना कायद्याच्या त्या ओळीत जागा नव्हती. ब्रिटननं १९०७ मध्ये घोषणापत्र मान्य केलं.

मी बर्टी-क्ले यांच्याबद्दल बराच विचार केला. त्यांना दुष्ट ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे एक तक्रार आली होती आणि ती त्यांनी सोडवली. कमी खर्चात, असलेल्याच यंत्रांवर, मिलिमीटरभर बदल करून. आमच्या ऑफिसात असं काम करणाऱ्याचं कौतुक होतं. तक्रार कोणाची आहे आणि तिचं निवारण झालं की कोणाचं काय होणार आहे, हे तिकिटात लिहिलेलं नसतं. मीसुद्धा दर आठवड्याला तिकिटं बंद करतो. कितीदा विचारतो?

बुडाची वाटी

युरोपातली सैन्यं जॅकेटवाल्या गोळीकडे वळली, तेव्हा एक माणूस अडचणीत आला, स्वतः गोळ्या ओतणारा. शिसं तो चुलीवर वितळवू शकत होता, तांब्याचं जॅकेट ओतू शकत नव्हता. नव्या रायफली मात्र नव्या वेगासाठी बनलेल्या.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी अनेक वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. नेम नेमका कशानं चुकतो? रायफल हलू नये म्हणून त्यांनी जमिनीत भक्कम आधार बांधला, गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे लावले आणि ती कशी डोलत जाते ते छिद्रांवरून मोजलं. मुद्दाम गोळ्यांची टोकं बिघडवली. फारसा फरक पडला नाही. मग बुडं बिघडवली. नेम पार गेला. १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गोळीचं सुकाणू मागे असतं, पुढे नाही, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. नळीच्या तोंडातून सुटताना बुडाची कड एका बाजूनं जरी तुटकी असली, तर वायू तिरका निसटतो आणि गोळीला ढकलतो.

त्याच काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या जॉन बार्लो यांनी सगळ्या गोळीला सदरा घालण्याऐवजी फक्त बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवली. तिला गॅस चेक म्हणतात. नाव कामावरून पडलेलं आहे, वायूला अडवणारी. तापलेला वायू शिशापर्यंत पोचत नाही, कड तुटत नाही, आणि ओतीव गोळी आधीपेक्षा बऱ्याच वेगानं झाडता येते. अंगरखा परवडत नसेल तर निदान चपला घाला, असा हा विचार.

या लोकांचं शिसंही घरगुती होतं. शुद्ध शिसं मऊ, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळून ते कठीण करतात. असं तयार मिश्रण छापखान्यात मिळे. लायनोटाइप यंत्राचा धातू म्हणजे साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. छापखाने ऑफसेटकडे वळले तशी ही अक्षरं भंगारात निघाली आणि अमेरिकेत त्यातली बरीच गोळ्यांच्या साच्यात गेली. ज्या धातूत कालची बातमी जुळवली होती, त्याचीच गोळी. गाडीच्या चाकाला तोल साधण्यासाठी लावतात ती शिशाची वजनंही टायरवाल्यांकडून याच वाटेनं गेली.

कल्हई

जॅकेट आलं म्हणून थराचा प्रश्न संपला, असंही नाही. तांबं-निकेलचं जॅकेट सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगात स्वतःच नळीला चिकटू लागलं. अमेरिकन सैन्याच्या रायफलींत त्याच्या गाठी बसत. नेमबाजांनी काय केलं? गोळीला ग्रीस फासायला सुरुवात केली. १८५७चं वंगण परत आलं.

१९२१ मध्ये कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सरकारी कारखान्यानं उपाय म्हणून जॅकेटवर कथलाचा मुलामा दिला. सरळ कल्हईच. नळी स्वच्छ राहू लागली, नेम उत्तम. फक्त एक गोष्ट झाली. काडतुसाच्या तोंडाशी कथील पितळेला हळूहळू धरू लागलं, जणू डाग दिलेला. त्यावर कोणी सवयीनं ग्रीस फासलं की दाब धोक्याच्या पातळीवर जाई. दोन वेगवेगळे उपाय, सुटे सुटे निर्धोक, एकत्र आले की घातक. आमच्या क्षेत्रात दोन पॅच एकमेकांशी भांडतात तेव्हा सर्व्हर पडतो. इथे हातातली रायफल फुटायची भीती.

शेवटी उत्तर सापडलं ते तांब्यात पाच-दहा टक्के जस्त मिसळून. सोनेरी झाक असलेली ही मिश्रधातू नळीला फारच कमी चिकटते. आजही बहुतेक जॅकेटं तिचीच असतात.

लाँड्रीच्या मागे

आता त्या पुंगळ्यांकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांबं इतकं दुर्मिळ झालं की १९४३ मध्ये एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. कारखान्यांची जॅकेटवाली गोळी युद्धावर चालली होती. नागरी शिकाऱ्याला, नेमबाजाला ती मिळेना.

पण .२२च्या पुंगळ्या जागोजागी पडलेल्या होत्या. या काडतुसाची पुंगळी म्हणजे एका बाजूनं बंद असलेली पातळ पितळी नळी. आणि जॅकेट म्हणजे तरी काय, एका बाजूनं बंद असलेली पातळ नळीच. तिची रुंदीही एका लोकप्रिय गोळीच्या मापाला जवळजवळ जुळत होती. बुडाची कड दाबून सपाट केली की झालं. .२२चं पहिलं काडतूस स्मिथ अँड वेसननं बाजारात आणलं ते १८५७ मध्ये, दमदमला तो लोट्याचा प्रसंग घडला त्याच वर्षी.

नेब्रास्कात ग्रँड आयलंडला व्हर्नन स्पीअर आणि जॉयस हॉर्नडी यांनी या पुंगळ्यांपासून जॅकेटं काढायची यंत्रं जमवली. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्पीअर आयडाहोला गेले, हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या भागात याच कामाची डाय बनवली. त्यांना ‘रॉक चक’ नावाच्या, खारीच्या कुळातल्या आणि बिळात राहणाऱ्या प्राण्याची शिकार आवडे, म्हणून डायचं नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस, आज काडतुसं घरी भरणाऱ्यांच्या अवजारांतलं मोठं नाव.

पुंगळीचं पितळ पातळ असल्यानं अतिवेगात अशा गोळ्या फुटत. कोणी तांब्याचा पत्रा वापरून पाहिला, कोणी पाण्याच्या तांब्याच्या नळीचे तुकडे. गॅस चेक तर पुढे लोक शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांतून कापू लागले. कागद गुंडाळणारेही पुन्हा निघाले. थोडक्यात, पावणेदोनशे वर्षांतला प्रत्येक थर कोणाच्या तरी गॅरेजमध्ये आज जिवंत आहे.

हे वाचताना आपल्याकडच्या कोणाला हात शिवशिवले, तर सांगून ठेवतो. भारतात १९५९च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. आमच्या हवालदारांचा पुंगळ्यांचा हिशेब उगाच नव्हता. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालतो. तिथलं काम कुंपणाआड, सरकारी. अमेरिकेत तेच काम लाँड्रीच्या मागे होऊ शकलं. यातलं काय बरोबर यावर तिथेही एकमत नाही. पण पुंगळीकडे एक समाज भंगार म्हणून बघतो आणि दुसरा पुरावा म्हणून, हा फरक रेंजवर गवतात शोधणाऱ्या मुलाला कळायला हवा होता.

उरलं काय

कोलोराडोत फ्रेड बार्न्स नावाच्या गृहस्थांनी १९३२ पासून घरीच गोळ्या बनवायला घेतल्या होत्या. तांब्याच्या नळीची जॅकेटं, आत शिसं. त्यांच्याच नावाच्या कंपनीनं, मालक बदलल्यावर, १९८९ मध्ये एक गोळी बाजारात आणली. तिच्यात शिसंच नव्हतं. पूर्ण तांबं, टोकाला पोकळी, लागली की पाकळ्यांसारखी उमलणारी. गाभा गेला, अंगरखा राहिला.

या गोळीला पुढे मागणी आली ती एका पक्ष्यामुळेही. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अवाढव्य गिधाड १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरलं होतं. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांमधले शिशाचे कण खाऊन ही गिधाडं मरतात. आपल्याकडे गुरांच्या औषधानं गिधाडांचं जे झालं, त्याचाच हा भाऊबंद. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली.

यात एक विचित्र उलटापालट आहे. पसरणारी गोळी युद्धात क्रूर म्हणून बंद आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला मात्र पूर्ण जॅकेटची गोळी चालत नाही, पसरणारीच लागते, कारण जनावर लवकर मरावं, जखमी होऊन रानात तडफडू नये. एकाच मिलिमीटरभर धातूला एका ठिकाणी क्रौर्य म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी दया. धातू तोच आहे. समोर कोण आहे आणि त्याच्याशी आपलं नातं काय, यावर नाव बदलतं. सर जॉन आर्डांनी हेगमध्ये नेमकं हेच नातं बोलून दाखवलं होतं. त्यांना सरहद्दीवरचा माणूस शिकारीच्या रांगेत दिसत होता.

या सगळ्या इतिहासात थर सुधारणारे लोक हुशार होते. कागद, वंगण, तांबं, वाटी, कल्हई, पुंगळी, प्रत्येकानं समोरची अडचण नीट सोडवली. पण त्या थरानं पलीकडच्याचं काय होईल हा प्रश्न एकदाही कार्यशाळेतून आला नाही. तो विचारला पाणी मागणाऱ्या खलाशानं, जखमा बघणाऱ्या डॉक्टरांनी, मेलेली गिधाडं उचलणाऱ्यांनी. प्रत्येक वेळी बाहेरून.

परवा माझ्याकडे एक छोटं तिकीट आलं होतं, एका फॉर्ममधला एक रकाना सक्तीचा करायचा. दहा मिनिटांचं काम. ते करण्याआधी मी विचारलं, ज्याच्याकडे हा रकाना भरायला काहीच नसेल, त्याचं काय होईल? मिटिंगमध्ये थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मॅनेजर म्हणाले, विचारून सांगतो.

तिकीट अजून उघडं आहे.